किल्ली माझ्याकडे असते

भातगिरणीच्या मागची ही खोली.
आधी इथे कोंडा भरायचे.
अजूनही झाडलं की कोपऱ्यातून थोडा निघतोच
आणि वंश दडमल शिंकतो,
सात वेळा.
बाकीची पोरं मोठ्याने मोजतात.
आमचं गणित तिथून सुरू होतं.

शाळा सुटते पाचला.
मिरचीचा सातरा सुटतो साडेसातला.
मधले अडीच तास कुणाचे
हे गावात कुणी ठरवलंच नव्हतं.
काही तास मामा तलावाच्या पाळीवर जायचे,
काही पानठेल्यामागे, एका मोबाईलवर सहा डोकी,
आणि बरेचसे सातऱ्यातच
आईच्या मांडीला मांडी लावून
देठ खुडत, किलोमागे मिळेल ते.

हिमांशीची आई पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेरच थांबली.
हात पदरात गुंडाळलेले.
"पैशे किती, बाई?"
नाहीत, म्हटलं.
"मंग शिकवता काय?"
आज चिंचोके खेळणार आहोत, म्हटलं.
"खेय?" ती हसली.
"खेयाले खोली कायले लागते?"
बरोबरच होतं तिचं.
मला तेव्हा उत्तर सुचलं नाही,
अजूनही नीटसं सुचलेलं नाही.
पण दुसऱ्या दिवशी पोरगी एकटीच आली
आणि बाहेर चपला जुळवून ठेवल्या,
पाहुण्याच्या घरी आल्यासारख्या.

फेब्रुवारीत कधीतरी
ती पेंगली, गोष्ट ऐकता ऐकता,
आणि झोपेतच डोळे चोळायला लागली.
आई न्यायला आली होती, दारातून धावली,
"चोयू नको वो माय, डोये चोयू नको!"
पोरीचं मनगट धरलं कोपरांच्या बेचक्यात,
कारण स्वतःची बोटं लावायची सोय नाही.
मग थबकली.
पोरीच्या बोटांचा वास घेतला.
खडूचा होता.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"चोय. चोय कितीबी."

मग मे.
शाळेला कुलूप, म्हणजे खिचडीलाही.
पहाटे चारला बाया तेंदूच्या पानाला निघतात,
जाता जाता झोपलेली पोरं
माझ्या दारात ठेवून जातात दुधाच्या कॅनसारखी.
कुणाचा अंगठा तोंडात,
कुणाच्या पायजम्यात एकच पाय.
कूलर आहे, सोसायटीतून मागून आणलेला.
पाणी आम्हीच भरतो, रांगेने, बाटलीबाटलीने.
त्याला मी व्यायाम म्हणते.
पोरं त्याला पाऊस म्हणतात
आणि निम्मा अंगावर घेतात.

एका दुपारी, बाहेर रस्ता वितळत असताना,
सिमेंटच्या पोत्यांचे कागद जोडून
गावाचा नकाशा काढला.
म्हटलं, भीती वाटते तिथे लाल ठिपका द्या.
रुद्राक्षीने तलावाची पाळ दाखवली,
वंशने नन्नावरेंचा कुत्रा,
दातांसकट, गावाहून मोठा.
कुणी कठडा नसलेली विहीर.
यथार्थने बराच वेळ खडू फिरवत ठेवला.
मग आपल्याच घरावर ठिपका दिला,
लहानसा,
आणि त्यावर तळहात ठेवून बसला.

मी काही विचारलं नाही.
विचारायला हवं होतं का, ठाऊक नाही.
त्याच्या आजीशी बोलून आले परवा,
ती सुपारी कातरत राहिली.
एवढंच केलंय,
की कुलूप लावायची वेळ
आता मी रजिस्टरमध्ये लिहीत नाही.

वरून फॉर्म आलाय.
'परिणाम' असा रकाना आहे, दोन ओळींचा.
पेन घेऊन बसले आहे केव्हाची.
लिहिलं:
वंशच्या शिंका, सातावरून चारवर.
दुसरी ओळ कोरी.

दिवे लागले. बाया पोरं घेऊन गेल्या.
किल्ली मुठीत गरम झाली आहे.
चिंचोके उधळत यथार्थ म्हणतो,
"आखरी डाव, बाई."
हा त्याचा पाचवा आखरी डाव.
मी मांडी घालून बसते.